पदर खोचून परीक्षेला!

घरात कुणाला ताप भरला की कपाळावर पट्ट्या ठेवायला कोण बसतं? सासऱ्यांची बीपीची गोळी, लेकराचं लसीचं कार्ड, जावेच्या बाळंतपणातले डिंक-आळिवाचे लाडू... हे सगळं कुणाच्या लक्षात असतं? बाईच्याच ना! म्हणूनच आपल्याकडे सहज म्हटलं जातं, ‘‘नर्सिंग काय, बायकांना जन्मजातच येतं.’’

ऐकायला गोड वाटतं. पण मैत्रिणींनो, हे वाक्य जितकं गोड तितकंच फसवं आहे. माया जन्मजात असेलही. पण बाळंतिणीचं रक्त थांबत नसताना कोणतं इंजेक्शन, किती आणि किती वेळात द्यायचं, हे जन्मजात येत नाही. ते शिकावं लागतं, त्याची परीक्षा द्यावी लागते आणि परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करण्याचा हक्क मिळत नाही.

आज या परीक्षेविषयीच बोलायचं आहे. गेली काही वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळाच्या खोलीत संध्याकाळी शिवणाच्या मशिनी बंद झाल्या की तिथं वह्या उघडतात. ‘एएनएम’च्या परीक्षेला बसणाऱ्या मुली आणि सुना तिथं अभ्यासाला येतात. मी आपली बी.ए. मराठी! यातलं शास्त्र मला काय कळणार? पण पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायला शास्त्र लागत नाही आणि चहा करायला तर मुळीच नाही. शास्त्राची बाजू आमच्या एक निवृत्त सिस्टर सांभाळतात. तीसेक वर्षं वॉर्डात काढलेल्या या बाई रागावल्या तरी पोरींना गोड लागतात.

कोण बसू शकतं?

एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. गावाकडे आपण जिला ‘नर्सबाई’ म्हणतो आणि सरकारी कागदावर जी ‘आरोग्यसेविका’ असते, तिचं हे शिक्षण. सपाटीच्या भागात साधारण ५ हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३ हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, असं सरकारचं गणित आहे. त्या उपकेंद्राचा सगळा डोलारा याच बाईच्या खांद्यावर असतो.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा; त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे, म्हणजे इंटर्नशिपचे. इंग्रजी विषय घेऊन कला किंवा विज्ञान शाखेतून बारावी पास झालेल्या, १७ ते ३५ वर्षं वयाच्या मुली-स्त्रियांना प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम फक्त स्त्रियांसाठी आहे. म्हणजे बघा, आर्ट्समधून बारावी झालेली आणि लग्नानंतर सात-आठ वर्षं चूल सांभाळणारी आपली सूनही यात बसते! प्रवेशाची पद्धत मात्र अधूनमधून बदलत असते, तेव्हा शेजारणीच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी जमलं म्हणून आपल्यालाही तसंच जमेल असं धरू नका. त्या-त्या वर्षाची सूचना वाचा.

पहिल्या वर्षी सामाजिक आरोग्य परिचर्या, आरोग्य संवर्धन, प्राथमिक आरोग्य परिचर्या आणि बालआरोग्य असे विषय असतात. दुसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र, म्हणजे मुलींच्या तोंडचं ‘मिडवाइफरी’, आणि आरोग्य केंद्राचं व्यवस्थापन. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळे निम्मे गुण हवेत. एकात भरपूर मिळाले म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही.

परवाना मिळतो कसा?

अमेरिकेत अशा प्रकारचं शिक्षण घेतलेल्या ‘प्रॅक्टिकल नर्स’ला कोर्स संपल्यावर परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. ‘एनक्लेक्स-पीएन’ तिचं नाव, आणि ती संगणकावर होते. आपल्याकडे पद्धत निराळी. महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ एएनएमची परीक्षा घेतं. ती पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवायचं. १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार चालणारी ही परिषद. तिच्याकडची नोंदणी हाच आपला परवाना. ठरावीक मुदतीनं त्याचं नूतनीकरणही करावं लागतं. नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, ‘‘रजिस्ट्रेशन आहे का?’’

आणि इथंच आपल्या गावाकडच्या मुली फसतात.

आमच्याकडे येणारी एक मुलगी अशीच आली. वय सव्वीस. नवऱ्याचं घर सोडून माहेरी परतलेली. एसटी स्टँडसमोर फलक होता, ‘एका वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी’. आईनं पाटल्या मोडून ४० हजार भरले. वर्षभर तिनं एका खोलीत वह्या लिहिल्या, एका खासगी दवाखान्यात फुकट राबली आणि शेवटी हातात सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र पडलं. ते घेऊन ती नोकरी मागायला गेली, तेव्हा कळलं की या कागदावर नोंदणी होतच नाही. वर्ष गेलं, पाटल्या गेल्या. ‘‘मावशी, नवऱ्यानं फसवलं तेव्हा इतकं रडले नव्हते,’’ असं ती म्हणाली. ती संस्था पुढच्या वर्षी फलकासकट गायब!

म्हणून आई-वडिलांनो, फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. या संस्थेला या वर्षासाठी परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा कोणतं मंडळ घेतं? मुलींना शिकायला कोणतं रुग्णालय जोडलेलं आहे आणि तिथं खरोखर पेशंट असतात का? मागच्या तुकडीतल्या मुलींची नोंदणी झाली का? उत्तर तोंडी मिळालं तर कागद मागा. कागद मिळाला तर परिषदेकडे चौकशी करून खात्री करा. ‘सहा महिन्यांत नर्स’, ‘घरबसल्या नर्सिंग’, ‘हजेरीची अट नाही’ असं कुणी म्हणालं की तिथून चपला घालायच्या. एएनएम पत्राद्वारे होत नाही. प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, मग हजेरीची अट नाही असं कसं? मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेतली तर त्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. फी भरल्याचीही घ्या. मागासवर्गीय मुलींनी शासनाच्या शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

त्या मुलीनं पुढच्या वर्षी मान्यता असलेल्या संस्थेत पुन्हा पहिल्यापासून प्रवेश घेतला. दुपारी कॉलेज, सकाळी आईच्या बरोबरीनं दोन घरच्या पोळ्या.

पाठांतर दीड, अडीच, साडेतीन!

आता अभ्यासाकडे वळू. आमच्या खोलीत त्या वर्षी तिघी होत्या. ही सव्वीस वर्षांची, एक एकोणीस वर्षांची हुशार पण भित्री, आणि तिसरी एकतीसची, दोन मुलांची आई. या तिसरीची अडचण वेगळी. बारावी होऊन तेरा वर्षं झालेली. इंग्रजी शब्द दिसला की डोळ्यांपुढे अंधारी! आमच्या सिस्टरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘शब्द पाठ करू नकोस. आधी आपल्या भाषेत समजून घे, मग त्याला इंग्रजी नाव चिकटव.’’

लसीकरणाचं वेळापत्रक घ्या. पुस्तकात सहा, दहा, चौदा आठवडे. ती म्हणाली, ‘‘अहो, हे तर आपलं दीड, अडीच, साडेतीन महिने!’’ दोन लेकरांना लसी टोचून आणलेल्या आईला हे नव्यानं काय शिकवायचं? जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बची लस. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, रोटा आणि पोलिओचे थेंब. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, आणि त्याचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. तिनं हे सगळं पिठाच्या डब्यावर चिकटवलं. भाकरी थापता थापता तोंडानं चालायचं. आठ दिवसांत तिची धाकटीसुद्धा म्हणायला लागली!

पण नुसत्या पाठांतरावर प्रात्यक्षिक निघत नाही. परीक्षक विचारतात ‘का?’ लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची, हे सगळ्यांनाच येतं. मग फ्रीजरमध्ये ठेवली तर आणखी चांगलं नाही का? नाही! पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब, टीडी यांसारख्या लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढल्या काढल्या लसीच्या डब्यात ठेवायच्या नसतात. आतलं पाणी सुटून ती हलवल्यावर आवाज येईपर्यंत थांबायचं. लसीच्या बाटलीवरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, तो गोलाइतका किंवा जास्त गडद झाला की बाजूला ठेवायची. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांनंतर वापरायची नाही. ‘‘का ते कळलं की पाठ करायला लागत नाही,’’ असं सिस्टर म्हणतात ते खरंच आहे.

गरोदर बाईची तारीख काढणं आपल्या आज्या बोटांवर करायच्या. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जानेवारीला आली असेल तर बाळंतपण १७ ऑक्टोबरच्या आसपास. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७च्या खाली म्हणजे धोका. तिला उपकेंद्रात ठेवायचं नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला, पायाबरोबर तोंडावर सूज आली, डोकं दुखतंय म्हणाली की ‘गरोदरपणात असं होतंच’ असं म्हणून सोडायचं नाही. पेपरात हा पाच गुणांचा प्रश्न असेल, पण वाडीवर तो एका बाईच्या जिवाचा प्रश्न असतो.

सासूबाई झाल्या पेशंट

प्रात्यक्षिकाची भीती सगळ्यांनाच. एकोणीस वर्षांची आमची मुलगी तर लेखीत पहिली आणि तोंडी परीक्षेत मुकी! सिस्टरांनी उपाय काढला. एकतीसवालीच्या सासूबाईंना म्हणाल्या, ‘‘तुम्ही पेशंट व्हा.’’ सासूबाई आधी लाजल्या. मग मंडळाच्या खोलीतल्या बाकावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘सत्तरीत पुन्हा पोटुशी केलंत गं मला!’’ हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. पण त्या दिवसापासून त्या मुलीचा आवाज फुटला.

सिस्टर काय बघत असत, ते लिहून ठेवण्यासारखं आहे. पेशंटजवळ गेल्यावर आधी नाव विचारलं का? आपण काय करणार आहोत ते सांगितलं का? तिची परवानगी घेतली का? पडदा ओढला का? हात साबणानं नीट धुतले का? वापरलेली सुई कुठं टाकली? सुईसाठी न फुटणारा पांढरा डबा, सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, रक्तानं भिजलेला कापूस आणि वार पिवळ्या पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. परीक्षेत घाबरून हात धुवायचे राहिले तर पुढचं सगळं बरोबर असूनही गुण जातात. आणि खरं सांगायचं तर ते जायलाच हवेत, नाही का?

लेखी पेपरासाठी त्यांचे नियम साधे. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून सोडवा. व्याख्या एका ओळीत. आकृती पेन्सिलीनं, नावं ठळक. ‘परिचारिकेची भूमिका’ विचारली असेल तर रोगाची लक्षणं लिहीत बसू नका. तुम्ही काय कराल ते क्रमानं लिहा. उत्तर कोणत्या भाषेत लिहिलेलं चालतं, ते पहिल्याच महिन्यात कॉलेजात विचारून घ्या. जर्नल आणि केसबुक रोजच्या रोज भरा. शेवटच्या आठवड्यात रात्र जागून मैत्रिणीची केस उतरवलेली परीक्षकांच्या लगेच लक्षात येते.

एक विषय राहिला...

निकाल लागला. एकोणीसची आणि सव्वीसची पास झाल्या. एकतीसवालीचा मिडवाइफरीचा लेखी पेपर राहिला. चार गुणांनी!

त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही म्हणा ना. नवरा म्हणाला, ‘‘झाली ना हौस?’’ दीर म्हणाले, ‘‘दोन वर्षांत पोरांकडे लक्ष नाही, आणि वर नापास.’’ तिनं पुस्तकं पोत्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. आठ दिवस खोलीवर आली नाही. मग आम्हीच गेलो. सिस्टर माझ्यासोबत होत्या. त्यांनी नवऱ्यासमोरच तिला विचारलं, ‘‘बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात काय करायचं?’’ ती खाली मान घालून पण खडाखडा म्हणाली, ‘‘पोटात दुसरं बाळ नाही ना ते आधी पाहायचं आणि ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत द्यायचं.’’ ‘‘आणि बाळाचं?’’ ‘‘कोरडं पुसायचं, आईच्या छातीवर ठेवायचं, तासाभरात अंगावर पाजायचं.’’

सिस्टर नवऱ्याकडे वळल्या. ‘‘भाऊ, तुमच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आठवतं?’’ घरात एकदम शांतता. ती पोर बाळंतपणानंतर रक्त जाऊन दगावली होती, रस्त्यातच. गावाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण या घरात कुणी उच्चार करत नव्हतं. ‘‘त्या रात्री उपकेंद्रात हे येणारी बाई हवी होती. तुमच्या बायकोला ते येतंय. चार गुणांसाठी ते माळ्यावर टाकू नका.’’

पोतं कुणी खाली काढलं माहीत आहे? सासूबाईंनी. नातवाला शिडी धरायला लावून!

राहिलेला विषय पुन्हा देता येतो, हे त्या घरात कुणाला धड माहीतच नव्हतं. ‘नापास’ म्हटलं की सगळं संपलं असंच वाटतं. तिनं अर्ज भरला. या खेपेला मात्र घरानं वाटण्या केल्या. पहाटे साडेचार ते सहा तिचा वेळ, तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही. मुलांचे डबे सासूबाईंकडे. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस नवरा स्वतः तिला मोटारसायकलवर सिस्टरांकडे सोडायला लागला. आत यायला लाजायचा, बाहेर कट्ट्यावर बसायचा. तो पेपर ती पास झाली. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यानंच ते लॅमिनेशन करून आणलं.

‘नर्सचं काम हलकं’ म्हणणाऱ्यांना

अजूनही काही घरांत ‘परक्याचं घाणमूत काढायचं काम’ म्हणून नाकं मुरडली जातात. अशांनी जरा मागं वळून पाहावं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विधवेनं उंबरा ओलांडणं हेच पाप मानलं जायचं त्या काळात सेवासदननं अशा स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं. लोक तेव्हाही बोललेच. पण त्या बायका शिकल्या, कमावत्या झाल्या आणि मानानं जगल्या. आज राष्ट्रपतींच्या हस्ते दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कारांत एएनएमसाठी स्वतंत्र स्थान आहे.

माझी विनंती परीक्षा देणाऱ्या मुलींपेक्षा त्यांच्या घरच्यांना, त्यातही सासवांना जास्त आहे. सासूबाई, तुमची सून रात्री पुस्तक घेऊन बसली असेल तर दिवा मालवू नका. परीक्षेच्या दोन महिन्यांत पापड-कुरडयांचा घाट घालू नका, यंदाच्या विकत आणलेल्या चालतील. पाहुण्यांना सांगा, पुढच्या महिन्यात या. आणि जमलंच तर एखाद्या संध्याकाळी तिच्यासमोर पेशंट होऊन बसा. मुलींनो, तुम्हीही एकट्यानं झुरू नका. गावात एखाद्या निवृत्त सिस्टर असतीलच, त्यांच्याकडे जा. त्यांना शिकवायची हौस असते, विचारणारं कुणी नसतं. दोघी-तिघी मिळून अभ्यास करा, एकीला येत नाही ते दुसरीला येतं.

आमच्या त्या तिघींपैकी सव्वीसवाली आता तालुक्याच्या एका रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात आहे. पहिल्या तीन पगारांतून तिनं आईच्या पाटल्या परत केल्या, वजनानं थोड्या हलक्या. आई म्हणते, ‘‘हलक्या कसल्या, हाताला जड लागतात गं!’’ मंडळाच्या खोलीत या वर्षी पाच जणी आहेत, आणि त्यांच्यासाठी आणखी एक बाक लागणार आहे. कुणाकडे जुना असेल तर कळवा.